शब्दच नाहीत, मग ऐकायचं काय?

मागच्या अंकात मी एन्नियो मॉरिकोनेच्या 'द मिशन' या साउंडट्रॅक अल्बमबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. इटलीतला संगीतकार, १९८६ चा सिनेमा, अल्बममध्ये २० तुकडे आणि आपण ज्याला गाणं म्हणतो तसं त्यात एकही नाही, कुठेकुठे कोरस आहे तोही लॅटिनमध्ये. एवढंच लिहिलं होतं आणि त्यावर सावंतवाडीपासून वर चिपळूणपर्यंत सगळीकडून पत्रं आली, त्यामुळे या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय.

प्रश्न : माझे मोठे काका मर्चंट नेव्हीत होते. ते गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली तर कपड्यांखाली पंधरा-वीस कॅसेट मिळाल्या, त्यात ही मिशनची पण आहे, तुमचं वाचलं म्हणून ओळखली. पण वाजवायला भीती वाटते कारण आतल्या टेपच्या कडेला पांढरं पांढरं काहीतरी दिसतंय. तोपर्यंत मोबाईलवर लावून ऐकतोय तर आजी म्हणते, "ह्येच्यात शब्दच नाय, मगे आयकतंस काय?" मला काही उत्तर देता आलं नाही. खरंच काय ऐकायचं असतं? (वय २१, देवगड तालुका)

उत्तर : कॅसेटचं शेवटी सांगतो, ते सावकाश सांगायला लागेल. आधी आजी.

आजीला एक विचार, जत्रेत दशावताराला ती जायची ना, रात्रभर बसायची, मांडीवर पोर झोपलेलं आणि समोर स्टेजवर ते एक बाकडं. राक्षस अजून आत असतो, दिसलेला नसतो, तोंडातून शब्द निघालेला नसतो, आणि बाजूला बसलेला पखवाजवाला हात बदलतो, झांज वाढते, आणि मागे बसलेल्या सगळ्या बायका पोरांना जवळ ओढतात. आजीला कुणी सांगितलं होतं की आता राक्षस येणार? शिमग्यात पण तेच, पालखी अजून वळणापलीकडे आहे आणि नुसत्या ढोलावरून घरातल्या बाईला कळतं की पालखी चालतेय की कुणाच्या अंगणात नाचवतायत, ती त्या हिशोबाने आरतीचं ताट घ्यायला आत जाते. म्हणजे शब्दाशिवाय ऐकणं आजी आयुष्यभर करत आलीय. तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलंच करत असणार. फक्त मॉरिकोनेचे ढोल तिच्या ओळखीचे नाहीत, एवढंच.

आता ओळख कशी करून घ्यायची ते सांगतो, कारण मला पण हे कळायला बराच वेळ लागला. मी सुरुवातीला हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ लावायचो आणि मला ते सगळं छान छान वाटून निघून जायचं, हाताला काही लागायचं नाही. मग एका पावसाळ्यात लाईट गेली होती, सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर एकच तुकडा परत परत ऐकला आणि तेव्हा उलगडलं.

या अल्बममध्ये मुख्य सुरावटी तीन आहेत असं धरून चाल. पहिली ओबोची (फुंकून वाजवायचं युरोपियन वाद्य), तिसऱ्या नंबरचा तुकडा 'गॅब्रिएल्स ओबो', सव्वादोन मिनिटांच्या आसपास आहे. सिनेमात गॅब्रिएल नावाचा एक जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रचारकांच्या एका संघाचा पाद्री, दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात एकटा बसून, समोर तिथले मूळचे ग्वारानी लोक धनुष्यबाण घेऊन उभे, आणि भाषा येत नाही म्हणून ओबो वाजवतो. दुसरी कोरसची, जुन्या युरोपियन चर्चमध्ये गात तशी, आवाजावर आवाज चढत जाणारी. आणि तिसरी ग्वारानी लोकांची, 'विता नोस्त्रा' या तुकड्यात नीट ऐकू येते, ढोल आणि त्यावर तुटक तुटक शब्दांचे ठोके, कोरस गात नाही, जवळजवळ पाय आपटतो. या तिन्ही एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत, एक युरोपातल्या एका माणसाची, एक त्याच्या चर्चची आणि एक त्या जंगलातल्या माणसांची.

दोन-तीन दिवस फक्त याच ऐक. एक एक करून, इतक्या वेळा की भांडी घासताना गुणगुणता आल्या पाहिजेत. आणि मग पहिला तुकडा लाव, 'ऑन अर्थ अ‍ॅज इट इज इन हेवन'. मॉरिकोनेने त्यात तिन्ही एकावर एक ठेवल्यायत. खाली ढोल आणि ते ठोके चालू, मधून चर्चचा कोरस, आणि सगळ्याच्या वरून तो एकटा ओबो आपली लांब ओळ घेऊन जातोय, कुणीच कुणासाठी थांबत नाही आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. पहिल्यांदा ज्या दिवशी मला तिन्ही वेगवेगळ्या ऐकू आल्या त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, आणि अजून येतो, कारण सिनेमात ज्या लोकांना शेवटी एकत्र राहू दिलं जात नाही ते या साडेतीन-चार मिनिटांत एकत्र आहेत. हे कुठल्या शब्दात सांगणार? म्हणून शब्द नाहीत.

आजीला पण याच क्रमाने ऐकव. मोबाईलच्या स्पीकरवर नको, ढोलच जातो त्यात, निदान एखादा बरा स्पीकर बघ.

प्रश्न : आमच्याकडे तीन पिढ्या सनई आहे. नातवाने तुमचं वाचून ओबो ऐकवला, मला तो आवाज घरातलाच वाटला. ओबो म्हणजे त्यांची सनईच का? आणि ही चाल सनईवर येईल का? (वय ६४, सावंतवाडीजवळ)

उत्तर : काका, तुमच्या कानाला जे वाटलं ते बरोबरच आहे. दोन्ही दुहेरी पत्तीची वाद्यं. दोन पत्त्या एकमेकींवर आपटतात आणि त्यातून तो किंचित नाकातला, लांब जाणारा आवाज निघतो, आणि दोन्हींची नळी आतून वर अरुंद, खाली रुंद होत जाते. पण पुढे फरक पडतो. ओबोची पत्ती वेतासारख्या दिसणाऱ्या एका गवतापासून बनवतात, दोन पातळ पात्या धातूच्या छोट्या नळीवर दोऱ्याने बांधलेल्या, वाजवणारा बहुतेक वेळा स्वतःच तासून बनवतो आणि वाजवायच्या आधी पाण्यात भिजवतो. तोंडात ती फक्त ओठांच्या चिमटीत असते. फट इतकी बारीक की हवा आत जायलाच तयार नसते, त्यामुळे ओबोवाल्याचा श्वास संपत नाही, उलट छातीत उरतो, ओळ झाली की आधी जुनी हवा सोडायची आणि मग नवी घ्यायची. तुमचा दम पुरत नाही आणि त्याचा उरतो, गंमत आहे की नाही! आणि मोठ्या ऑर्केस्ट्रात सगळे जण आपली वाद्यं लावून घेतात ती ओबोच्या सुरावर, त्यामुळे मान पण मोठा आहे त्याचा.

दुसरा फरक बोटांचा. तुमच्या सनईवर भोकं उघडी, अर्धं बोट उचललं, हळूच सरकवलं की मींड येते. आजच्या ओबोवर सगळीकडे धातूच्या चाव्या, त्यामुळे सूर पायरीवर पाय ठेवल्यासारखा येतो, घसरत येत नाही.

आता चाल. ती डी मेजरमध्ये आहे म्हणजे पांढरी दोनचा सा धरा आणि बिलावल थाटाचे सूर, तुम्हाला अवघड काहीच नाही. अवघड आहे ते खालचं. तुमच्या मागे सूर धरणारा एकच सा धरून बसतो आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरता. इथे ओबोच्या खालची जमीनच हलते, व्हायोलिन वगैरे दर थोड्या वेळाने कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) बदलतात आणि त्यामुळे ओबोने धरलेला तोच सूर आता शांत वाटतो आणि पुढच्या क्षणाला कासावीस. नुसत्या सा वर वाजवलीत तर चाल येईल पण ही गोष्ट निघून जाईल. एखादा कीबोर्डवाला किंवा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा कुणी जवळपास असेल तर त्याला खालचे कॉर्ड धरायला सांगा आणि वरून तुम्ही. मला फार ऐकायची इच्छा आहे, खरंच.

या ओळीत मध्ये मध्ये छोटे छोटे फिरवलेले सूर येतात बघा, मुरकीसारखे. मॉरिकोनेने हे सांगितलंय की गोष्ट १७५० च्या सुमाराची म्हणून त्या काळच्या युरोपियन वादनात असत तसे अलंकार घालणं भाग होतं. आणि अडचण म्हणजे शूटिंग आधीच झालेलं होतं, जेरेमी आयर्न्स या नटाची ओबोवरची बोटं पडद्यावर दिसतात, त्यामुळे ती बोटं जशी उठतात-पडतात तिकडे लक्ष ठेवून चाल लिहावी लागली. म्हणजे नटाची बोटं आधी आणि सूर मागाहून, आणि तरी ऐकताना असं वाटतं की ही ओळ दुसरी कशी असूच शकली नसती! तुम्ही वाजवणारे आहात, तुम्हाला कळेल हे किती कठीण काम आहे.

प्रश्न : गॉडफादरचं म्युझिक पण मॉरिकोनेचंच ना? मित्राशी पैज लागलीय. (चिपळूण)

उत्तर : पैज हरलास. ते नीनो रोता. तोही इटालियन, जन्म १९११ मिलानचा, आणि सिनेमाचं एवढं नाव होऊनसुद्धा दक्षिण इटलीतल्या बारी या बंदराच्या गावात संगीत शाळेचा प्रमुख म्हणून कितीतरी वर्षं राहिला. पहिल्या गॉडफादरचं ऑस्कर नॉमिनेशन मागे घेतलं गेलं कारण त्यातली एक चाल त्याने आधी १९५८ च्या 'फोर्तुनेला' सिनेमात वापरली होती, आणि मग दुसऱ्या भागाला मात्र मिळालं. त्याचं 'अमारकोर्द' या सिनेमाचं संगीत ऐक, समुद्रकिनाऱ्यावरच्या गावाची गोष्ट आहे, आपल्याला लगेच जवळची वाटते.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. मुलांना 'गॅब्रिएल्स ओबो' ऐकवला, फार आवडला, पण एका पालकांनी विचारलं की हे धर्मप्रचाराचं संगीत शाळेत कशाला. काय सांगावं? आणि खऱ्या इतिहासाशी याचा किती संबंध? (रत्नागिरी)

उत्तर : ताई, पालकांचा प्रश्न रागाने घेऊ नका, विचारण्यासारखा आहे. सिनेमातले पाद्री धर्म द्यायलाच गेले होते, ते लपवण्यात अर्थ नाही, आणि ग्वारानी लोकांची बाजू सिनेमात कमी येते हा आक्षेप पण मला पटतो, त्यांच्या तोंडी बोलणं फारच थोडं आहे. पण संगीतात मात्र ती बाजू येते असं मला वाटतं. चौथा तुकडा 'आवे मारिया ग्वारानी' मुलांना ऐकवा, त्यात आवाज मुद्दाम थोडे कच्चे ठेवलेत, घासूनपुसून गुळगुळीत केलेले नाहीत, परक्याचं गाणं आपल्या गळ्यातून काढताना जसं होईल तसं. आणि पुढे ढोलाची सुरावट येते तेव्हा ती कुणाची परवानगी मागत नाही.

इतिहासाचं म्हणाल तर पाया खरा आहे. दक्षिण अमेरिकेत जेझुइटांच्या वसाहतींत, म्हणजे मिशनमध्ये, ग्वारानी लोक खरोखरच वाद्यं बनवायला आणि वाजवायला शिकले होते. दोमेनिको झिपोली नावाचा एक इटालियन संगीतकार, प्रातो गावात १६८८ मध्ये जन्मलेला, रोमसारखं शहर सोडून तिकडे गेला आणि १७२६ मध्ये आजच्या अर्जेंटिनात कोर्दोबाजवळ वारला. त्याच्या रचना त्या वसाहतींतून वाजवल्या जायच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा कागदांचा पत्ता लागला तो थेट १९७० च्या दशकात, बोलिव्हियातल्या जुन्या मिशनमध्ये. म्हणजे सिनेमा यायच्या थोडीच वर्षं आधी.

आणि मग १७५० चा माद्रिदचा तह. स्पेन आणि पोर्तुगालने नकाशावर रेघ ओढली, उरुग्वाय नदीच्या पूर्वेच्या सात वसाहती पोर्तुगालकडे, तिथल्या लोकांनी उठून जायचं. ते गेले नाहीत, १७५४ ते १७५६ लढाई झाली, आणि त्यात त्यांच्यातले कितीतरी मारले गेले. हे मुलांना लांबचं वाटेल तर त्यांना पुढचं सांगा, त्याच पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांना आपल्या सगळ्या राज्यातून हाकललं, आणि त्या राज्यात गोवा पण होता. तेरेखोलची खाडी ओलांडली की पलीकडे. तिकडच्या चर्चच्या शाळांमधून गावातली पोरं व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पद्धत) शिकत राहिली आणि त्यांचे पणतू-खापरपणतू मुंबईला जाऊन हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते हेच अँथनी. आपण लहानपणापासून जी हिंदी गाणी ऐकतो त्यातली व्हायोलिनं या वाटेने आलीयत. मला तरी हे वर्गात सांगण्यासारखं वाटतं, तो ओबो वाजवून झाल्यावर लगेच.

प्रश्न : मॉरिकोनेला मिशनसाठी ऑस्कर मिळालं का? (गुहागर)

उत्तर : नाही, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. नॉमिनेशन होतं, गोल्डन ग्लोब मिळालं, पण ऑस्कर गेलं 'राउंड मिडनाइट'साठी हर्बी हॅन्कॉकला. तो मोठाच कलाकार आहे पण त्या सिनेमात जुन्या जॅझच्या चाली बऱ्याच होत्या, आणि मॉरिकोनेने पुढे हे मनात लागल्याचं उघड बोलून दाखवलं. २००७ ला मानद ऑस्कर दिलं, आणि स्पर्धेतलं मिळालं ते २०१६ मध्ये 'द हेटफुल एट'साठी, तेव्हा तो ८७ वर्षांचा होता. २०२० च्या जुलैत रोममध्येच गेला, जिथे जन्मला तिथेच.

एक गोष्ट यातच सांगून टाकतो कारण कुणी विचारली नाही आणि मला सांगायचीच आहे. मिशनचा कच्चा एडिट त्याला दाखवला तेव्हा त्यात संगीत नव्हतं, आणि तो बघून रडला आणि म्हणाला की मी हे करणार नाही, हा असाच चांगला आहे, माझ्या संगीताने बिघडेल. निर्मात्यांना त्याला मनवावं लागलं. चारशेच्या वर सिनेमे केलेला माणूस! आणि अल्बम ऐकताना ही भीती मला जाणवते, कितीतरी ठिकाणी तो नुसता एक सूर धरून बाजूला उभा राहतो.

प्रश्न : मी दशावतारी कंपनीत पेटी वाजवतो. इटलीच्या काऊबॉय सिनेमांत म्हणे म्युझिक आधी करायचे आणि शूटिंग नंतर, हे खरं का? आणि शोलेतला माउथ ऑर्गन तिकडून घेतलाय असं एकाने सांगितलं. (कुडाळ)

उत्तर : दादा, तुमच्याकडून असा प्रश्न यावा याचा मला फार आनंद झाला. होय, खरं आहे, निदान 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' या १९६८ च्या सिनेमाबाबत तरी. दिग्दर्शक सर्जिओ लिओने आणि मॉरिकोने प्राथमिक शाळेत एका वर्गात होते. या सिनेमाच्या मुख्य चाली शूटिंगच्या आधी तयार होत्या आणि सेटवर लावल्या जायच्या, नट त्यावर चालायचे. एक सीन बघाच. क्लॉडिया कार्डिनाले ही नटी ट्रेनमधून उतरते, घ्यायला कुणी आलेलं नाही, वाट बघून बघून ती स्टेशनच्या खोलीत शिरते, कॅमेरा बाहेर खिडकीतून तिला बघतोय आणि मग तो हळूहळू वर उचलला जातो, छपरावरून, आणि पलीकडे अख्खं गाव उघडतं. बरोब्बर त्याच क्षणी एदा देल्लोर्सो या गायिकेचा शब्दांशिवायचा आवाज आणि सगळी व्हायोलिनं वर चढतात. कॅमेऱ्याच्या क्रेनने संगीताचा वेग धरलाय, उलटं नाही.

आता तुमचं काम याच्या बरोबर उलटं आणि माझ्या मते जास्त जोखमीचं. तुमच्याकडे लिहिलेली संहिता नसते, समोरचा राजा आज काय बोलणार आणि कुठे थांबणार हे त्यालाच माहीत नसतं, तुम्ही त्याच्या पायाकडे बघत पेटी उघडता. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे, पात्राची स्वतःची खूण. त्या सिनेमात एक माणूस आहे ज्याला नावच नाही, तो बोलायच्या ऐवजी माउथ ऑर्गन वाजवतो, तोही धड सूर नाही, कण्हल्यासारखे दोन-तीन सूर, आणि ते ऐकू आले की कळतं आला. फ्रांको दे जेमिनीने वाजवलाय तो. हे सूर असे का कण्हतात ते सिनेमाच्या अगदी शेवटी कळतं, मी इथे सांगत नाही, बघा तुम्ही.

शोलेवर त्या सिनेमांची छाया आहे हे खरं, ठाकूरच्या घरच्यांना मारण्याचा सीन आणि वेस्टमधला एका कुटुंबाला मारण्याचा सीन शेजारी शेजारी ठेवून बघा, लगेच दिसेल. पण माउथ ऑर्गन घेतला म्हणजे चाल घेतली असं मी म्हणणार नाही. तिकडे तो सूड आहे. आर. डी. बर्मनने त्याच वाद्यावर जयला बसवलं आणि समोर राधा एक एक दिवा मालवत जाते, ते सगळं विझत जाणारं, न बोललेलं प्रेम आहे, त्याचा सुडाशी काय संबंध? वाद्य उसनं घेऊन दुसरंच काही सांगणं याला मी तरी चोरी म्हणत नाही. तुमची पेटी पण युरोपातूनच आली ना, आणि आज तिच्याशिवाय जत्रेतलं नाटक उभं राहत नाही.

आणि आता देवगडची कॅसेट.

ते पांढरं म्हणजे बुरशी. आपल्याकडची हवाच तशी, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना येते ती टेपला पण येते. तशीच मशीनमध्ये घालू नकोस. माझी स्वतःची मिशनची कॅसेट अशीच गेली, एका दुकानात कॉपी करायला दिली होती, त्यांनी काही न बघता सरळ चालू केली, चिकटलेली टेप रोलरभोवती गुंडाळली गेली आणि ओढून काढताना तुटली. मला ती हातात दिली तेव्हा टेप सुरकुतलेली होती, शेवयांसारखी. शिवाय बुरशी मशीनच्या हेडला (टेप ज्याला घासून वाजते तो भाग) लागते आणि मग त्यावर लावलेल्या बाकीच्या कॅसेटना पण देते, म्हणून काकांच्या बाकीच्या कॅसेट आधी या एकीपासून वेगळ्या ठेव.

आधी कोरडी कर. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅसेट त्यात आठवडाभर ठेव. उन्हात ठेवू नको, प्लास्टिक वाकतं आणि टेप पण. मग अंगणात किंवा पडवीत बसून, नाकातोंडावर रुमाल बांधून कॅसेट उघड, कोपऱ्यांना आणि मध्ये मिळून पाच बारीक स्क्रू असतील तर काम सोपं, चिकटवलेली असेल तर जाणत्या माणसाकडे दे, सुरी घालून फोडू नको. आतली चक्री जशी आहे तशीच राहू दे, बोटांनी टेपला हात लावायचा नाही, मऊ कोरड्या कपड्याने कडेची पांढरी भुकटी हलकेच पुसायची. मग षटकोनी पेन्सिल चक्रीत घालून हाताने सावकाश एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, कुठे अडकलं तर जोर लावू नको, परत मागे घे आणि पुन्हा पुढे.

अजून एक बघ. कॅसेटच्या तोंडाशी मधोमध एका छोट्या पातळ पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, तो टेपला हेडवर टेकवून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकून तो पडलेला असतो आणि मग आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. लोकांना वाटतं टेप गेली. गेलेली नसते. एखाद्या नको असलेल्या स्क्रूवाल्या कॅसेटमधून तो तुकडा पट्टीसकट काढून यात बसव, किंवा सरळ टेपच्या दोन्ही चक्र्या त्या रिकाम्या खोक्यात हलव. मशीनचं हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने इअरबडवर घेऊन आधी पूस, वाजवून झाल्यावर परत पूस.

आणि पहिल्यांदा वाजवशील तेव्हाच रेकॉर्ड कर, कारण दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नाही. हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोड, आवाज थोडा कमीच ठेव म्हणजे कोरस चढतो तिथे फाटणार नाही. आजीला शेजारी बसव. टेपची सळसळ येईल, मध्ये कुठेतरी सूर लडखडेल, ते साफ करत बसू नको. आणि साइड संपल्यावर बटण खट् करून वर उडतं तो आवाज पण कापू नको, बोटीवर काकांच्या केबिनमध्ये तो तसाच आला असणार.